पाठांतरानं पिंग जात नाही

कम्प्युटर नेटवर्क्सच्या प्रॅक्टिकलचं जर्नल कसं पूर्ण होतं, ते मी तुम्हाला सांगायला नको. सबमिशनच्या आदल्या रात्री वर्गातल्या एकाच मुलीची फाइल अख्ख्या बॅचभर फिरते. टोपॉलॉजीची तीच आकृती, आउटपुटचा तोच स्क्रीनशॉट, फक्त रोल नंबर वेगळा. मग एक्स्टर्नल येतात, ‘ओएसआय मॉडेलचे लेअर किती?’ असं विचारतात. आपण ‘सात’ म्हणतो. सही होते.

आता म्हणाल, मास कम्युनिकेशनच्या पोरीला या भानगडीत पडायचं कारण काय? कारण गेली सव्वा वर्षं मी एका नेटवर्क इंजिनीअरबरोबर फ्लॅट शेअर करतेय. ती सोलापूरची, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, म्हणून ताई. दिवसा झोपते, रात्री नेटवर्क ऑपरेशन सेंटरमध्ये शिफ्ट करते आणि मधल्या वेळात सीसीआयईच्या लॅब परीक्षेचा अभ्यास करते. आमच्या हॉलच्या भिंतीवर कॅलेंडर नाही, राउटर्सच्या आकृत्या आहेत. पत्रकारितेच्या विद्यार्थ्याला प्रश्न विचारायची सवय असतेच. तेव्हा तिला विचारून विचारून जे कळलं, त्यावरून माझं एक ठाम मत झालंय. परीक्षा कशी असावी हे आपल्या कॉलेजांनी या परीक्षेकडून शिकावं. आणि तुम्ही मात्र ती एवढ्यात देऊ नये.

सीसीआयई म्हणजे सिस्को सर्टिफाइड इंटरनेटवर्क एक्स्पर्ट. १९९३ साली सुरू झालेली परीक्षा. पास होणाऱ्या प्रत्येकाला एक नंबर मिळतो आणि लोक तो सहीखाली मिरवतात. नंबरांची सुरुवात १०२४ पासून झाली. हा पहिला नंबर माणसाला नाही, परीक्षेच्या प्रयोगशाळेलाच दिलेला आहे. दोनचा दहावा घात, १०२४. कम्प्युटरवाल्यांचे विनोद असेच असतात, हसायचं आणि पुढे जायचं.

आधी एक लेखी पेपर, दोन तासांचा. तो पास झालात की तीन वर्षांच्या आत लॅब द्यायची. आपल्याकडचे बहुतेक जण त्यासाठी बंगळूरला जातात. एंटरप्राइज इन्फ्रास्ट्रक्चर या ट्रॅकची लॅब २०२० साली बदलली, तेव्हापासून तिचे दोन भाग आहेत. पहिले तीन तास डिझाइन. एका काल्पनिक कंपनीचे ई-मेल, आकृत्या, मागण्या समोर येतात आणि तुम्ही निर्णय घ्यायचे. पुढच्या प्रश्नावर गेलात की मागे यायची सोय नाही. घेतलेला निर्णय पुसता येत नाही, नोकरीतही बऱ्याचदा येत नाही. नंतरचे पाच तास प्रत्यक्ष काम. नेटवर्क उभं करा, बिघडलेलं दुरुस्त करा, सुधारा. ओएसपीएफ, ईआयजीआरपी, बीजीपी, एमपीएलएस, एसडी-वॅन आणि वर पायथन. असे एकूण आठ तास.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे अर्धवट उत्तराला अर्धे मार्क नाहीत. एखाद्या प्रश्नात चार अटी असतील आणि तुम्ही तीन पाळल्या, तर शून्य. आपल्याला ‘स्टेप्सचे मार्क’ मिळवायची सवय. ताईला मी म्हटलं, हे जरा जास्तच होतंय. ती म्हणाली, ‘अगं, हॉस्पिटलचं नेटवर्क पाऊण चालू आहे असं सांगून बघ की कुणाला.’

आता जरा आत शिरू. टेक्निकल आहे, पण थांबा, पान उलटू नका.

स्विचवर ट्रंक नावाची एक जोडणी असते. एकाच वायरीवरून अनेक विभागांची वाहतूक जाते, म्हणजे अकाउंट्सची वेगळी, एचआरची वेगळी. या विभागांना व्हीलॅन म्हणतात. कुठल्या व्हीलॅनला त्या वायरीवरून जायची परवानगी आहे, त्याची यादी स्विचमध्ये असते. समजा यादीत १० आणि २० आहेत आणि तुम्हाला ३० घालायचाय. तुम्ही ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०’ अशी कमांड दिलीत. स्विच काहीही तक्रार करत नाही. पण १० आणि २० गायब! कारण मधे ‘ॲड’ हा शब्द राहिला. तो नसेल तर स्विच जुनी यादी फेकून देतो आणि नवी ठेवतो. एका शब्दापायी दोन मजले बंद. नेटवर्कवाल्यांमध्ये हा किस्सा इतका सार्वत्रिक आहे की ज्याच्या हातून हे झालं नाही, त्याला अजून खऱ्या स्विचला हात लावायला दिला नसेल, असं ताई म्हणते.

दुसरा नमुना याहून छळणारा. दोन राउटर शेजारी जोडलेत. ओएसपीएफ चालू केलं, म्हणजे दोघांनी एकमेकांशी ओळख करून घेऊन रस्त्यांची माहिती वाटून घ्यायची. एकाकडून दुसऱ्याला पिंग केलं तर उत्तर येतं. म्हणजे वायर बरी, पत्ता बरोबर. तरी ओळख पूर्ण होत नाही. स्थिती ‘एक्सस्टार्ट’वर अडकून बसते. तासभर डोकं खाजवलं तरी कळत नाही. भानगड असते एमटीयूची, म्हणजे एका वेळी केवढं मोठं पाकीट पाठवायचं त्या मर्यादेची. एका बाजूला १५००, दुसऱ्या बाजूला १४००. ओळख करून घेताना दोघं हा आकडा सांगतात, तो जुळत नाही आणि बोलणी फिसकटतात. मग पिंग कसं जातं? कारण सिस्कोच्या राउटरवरून साधं पिंग केलं तर पाकीट १०० बाइटचं असतं. ते कुठल्याही फटीतून जाईल! मोठ्या पाकिटानं पिंग करून बघायला हवं होतं, हे ज्याला सुचतं त्याला एमटीयू कळला. ‘या फरकाकडे दुर्लक्ष कर’ असं राउटरला सांगणारी कमांडही आहे. ती दिली की ओळख जुळते, सगळं हिरवं दिसतं आणि खरी मोठी पाकिटं वाटेत गळायला लागतात. एमटीयूची व्याख्या पाठ असलेला मुलगा नेमका इथेच फसतो.

असं शिकणं तुम्ही कधी केलंय का? मी तरी कॉलेजात केलेलं नाही. आमच्याकडे कॅमेऱ्याचा पेपरही लेखी असतो, त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

हे सगळं कुणाच्या कामाचं, असं वाटत असेल तर ४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र आठवा. आपल्याकडे नऊच्या सुमारास व्हॉट्सॲप, इन्स्टा, फेसबुक एकदम गेलं. आपण सगळ्यांनी आधी घरचं वायफाय बंद-चालू केलं, मग मोबाइल. झालं होतं असं की फेसबुकच्या नेटवर्कची क्षमता तपासायला दिलेल्या एका कमांडनं त्यांच्या डेटा सेंटर्सना जोडणारा मुख्य दुवाच तोडला. अशा कमांड अडवायला एक तपासणारी व्यवस्था होती, पण तिच्यातच दोष निघाला. मग डेटा सेंटर दिसेनासं झाल्यावर त्यांच्या डीएनएस सर्व्हरांनी बीजीपीवरून आपले पत्ते मागे घेतले आणि जगाच्या दृष्टीनं फेसबुक अस्तित्वातच राहिलं नाही. साधारण सहा तास. दुरुस्ती करायला इंजिनीअरांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जावं लागलं आणि तिथल्या कडक सुरक्षेमुळे आत शिरून कामाला लागायलाही वेळ गेला.

त्याआधीचा, फेब्रुवारी २००८ चा प्रकार तर सिनेमात शोभेल. पाकिस्तानात सरकारनं यूट्यूब बंद करायला सांगितलं. तिथल्या टेलिकॉम कंपनीनं आपल्यापुरता यूट्यूबचा पत्ता स्वतःकडे वळवला, पण ती जाहिरात देशाबाहेर निसटली आणि पुढच्या मोठ्या कंपनीनं ती न गाळता जगाला सांगितली. पोस्टमनच्या हातात एक पत्र ‘पुणे’ आणि दुसरं ‘सदाशिव पेठ, पुणे’ असेल, तर दुसरं नेमकं पोचतं ना? राउटरही जास्त नेमक्या पत्त्याला मान देतो. यूट्यूबचा स्वतःचा पत्ता मोठ्या गटाचा होता, पाकिस्तानातून आलेला त्यातल्याच छोट्या गटाचा. त्यामुळे सुमारे दोन तास जगभरातली यूट्यूबची वाहतूक पाकिस्तानकडे वळली. ही बीजीपी १९८९ साली दोन इंजिनीअरांनी जेवता जेवता पेपर नॅपकिनवर मांडली होती. जेवणाच्या टेबलावर सुचलेल्या त्या कल्पनेवर आज आपलं फूड डिलिव्हरी ॲप चालतं, हे मला गमतीचं वाटतं आणि थोडं भीतीचंही.

तर ज्या माणसाच्या एका कमांडवर एवढं अवलंबून आहे, त्याला ‘लेअर किती’ विचारून पास करायचं का, एवढाच माझा सवाल आहे. सीसीआयईची लॅब २००१ पर्यंत दोन दिवसांची असायची. आधी तुम्ही नेटवर्क उभं करायचं. मग दुसऱ्या दिवशी परीक्षक त्यात मुद्दाम बिघाड करून ठेवायचे आणि तुम्ही तो शोधायचा. याला महागडी यंत्रं लागत नाहीत. आपल्या कॉलेजच्या लॅबमध्ये पॅकेट ट्रेसर असतोच. एक्स्टर्नलनी त्यातल्या चालू टोपॉलॉजीत एक सबनेट मास्क बदलून ठेवायचा आणि विद्यार्थ्याला वीस मिनिटं द्यायची. जर्नलचे मार्क निम्मे करा आणि हे आणा. एका सेमिस्टरला निकाल पडेल, मान्य. पडू दे. एका प्राध्यापकांना मी हे सुचवलं, तर ते म्हणाले, ‘चेकिंगला वेळ लागेल.’ राउटर पिंगला उत्तर देतो की नाही हे बघायला किती वेळ लागतो, हे मी विचारलं नाही. इंटर्नला काही गोष्टी विचारायच्या नसतात.

ही परीक्षा सोवळी आहे असं मात्र मुळीच नाही. तिच्याभोवतीचा बाजार बघितला की अंगावर काटा येतो. डम्प्स हा शब्द तुम्ही ऐकला असेल. खऱ्या परीक्षेतले प्रश्न आणि त्यांची ‘सोल्यूशन्स’ टेलिग्रामवर विकली जातात. लेखी पेपरचे तर असतातच, लॅबचेही. घेणारा राउटरच्या कमांड ओळीनं पाठ करतो, आपण निबंध पाठ करायचो तशा. सिस्को याच्याशी बरीच वर्षं झगडतेय. २००९ साली त्यांनी लॅबच्या सुरुवातीला काही थेट प्रश्न घातले होते, त्यांची उत्तरं स्वतःच्या शब्दांत टाइप करायची. पाठ करून येणारे तिथेच कळावेत म्हणून. वर्षभरानं ते काढले, पण त्याच २००९ मध्ये बिघाडशोधणीचा वेगळा भाग आला होता, तो राहिला. पकडले गेलात तर सर्टिफिकेट रद्द होतं, कायमची बंदीही येऊ शकते.

‘सगळेच करतात’ हे उत्तर तुमच्या ओठांवर आलं असेल. पण त्यात भरडलं कोण जातं ते बघा. ताईच्या ऑफिसात सीसीआयई नंबर असलेला उमेदवार मुलाखतीला आला, तरी आता त्याला सबनेटिंगपासून विचारतात. नंबरावर विश्वास उरलेला नाही. म्हणजे डम्पवाल्यानं स्वतःचं नुकसान केलंच, शिवाय दोन वर्षं रात्री जागून पास झालेल्यालाही संशयाच्या पिंजऱ्यात उभं केलं. आणि पहाटे तीन वाजता लिंक पडते तेव्हा ती डम्पमधल्या क्रमानं पडत नाही.

आता पैशांबद्दल. इथे मी तुमच्याशी जरा मोठ्या आवाजात बोलणार आहे.

२०२० च्या बदलानंतर लॅबची फी १६०० अमेरिकन डॉलर ठेवलेली होती. आजची फी त्यांच्या साइटवर बघून घ्या, पण १६०० धरले तरी सव्वा लाखाच्या पुढे जातात. ही एका प्रयत्नाची फी. पहिल्याच फटक्यात पास होणारे थोडे. वर बंगळूरचा प्रवास, राहणं, सरावाला दणकट लॅपटॉप आणि सर्टिफिकेट तीन वर्षांनी नूतनीकरण मागणारं. या परीक्षेला बसायला कुठलीच पूर्वअट नाही. उद्या तुम्हीही बसू शकता. पण सिस्को स्वतःच सांगते की साधारण पाच ते सात वर्षांचा अनुभव असावा.

ही दुसरी ओळ क्लासच्या पोस्टरवर नसते. ‘सहा महिन्यांत एक्स्पर्ट, शंभर टक्के प्लेसमेंट’ असतं, आणि खाली ईएमआयची सोय. माझ्या ओळखीच्या एका मुलानं डिग्रीचा निकाल लागायच्या आत अशा क्लासला प्रवेश घेतला. कर्ज वडिलांच्या नावावर. त्याला आधी कुणीतरी हे सांगायला हवं होतं की अनुभव नसलेला ‘एक्स्पर्ट’ पाहून कंपन्या बिचकतात. ज्युनिअरच्या जागेला तो जास्त शिकलेला आणि सीनिअरच्या जागेला कच्चा. त्याला शेवटी जी नोकरी लागली, तिला सीसीएनए पुरलं असतं. हप्ते अजून चालू आहेत.

ताईचं तसं नाही. ती सहा वर्षं नोकरी करतेय, फी स्वतःच्या पगारातून भरते. तरी किंमत आहेच. पहिला प्रयत्न हुकला. निकाल आला तो पास-नापास आणि ढोबळ आकडे, नेमकं कुठे घसरलं ते कळायची सोय नाही. उद्यान एक्स्प्रेसनं परत येताना गाडी सोलापूरला थांबली, पण ती घरी उतरली नाही. आईला काय सांगायचं, हे ठरलं नव्हतं म्हणे. घरून फोन येतो तो स्थळांचा. ‘आधी बंगळूर, मग बघू’ हे तिचं ठरलेलं उत्तर. तिच्याबरोबरच्या एका मुलाचे दोन प्रयत्न हुकले, तर घरचे म्हणतात, ‘जिद्दी आहे पोरगा.’ हिच्या एका प्रयत्नाला ‘किती दिवस चालणार हे?’ असं विचारलं जातं. हा फरक परीक्षेत नाही, पण परीक्षेच्या तयारीत रोज असतो.

‘आता सगळं क्लाउडवर गेलं, एआय कॉन्फिगरेशन लिहून देतं, मग हे कशाला?’ असंही कुणी म्हणेल. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीतलं नेटवर्क, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. आणि एआयनं लिहून दिलेल्या कमांडमध्ये ‘ॲड’ आहे की नाही, ते वाचून कळणारा माणूस लागणारच.

म्हणून माझं म्हणणं असं. सीसीआयईच्या फीला एवढ्यात हात लावू नका. तिची अभ्यासाची रीत मात्र आजपासून उचला, ती फुकट आहे. जीएनएस३ किंवा ईव्ही-एनजी लॅपटॉपवर टाका, सोळा जीबी रॅम असेल तर उत्तम. सिस्कोच्या मॉडेलिंग लॅब्जची पाच नोडपर्यंतची फुकट आवृत्तीही आहे. तेही नको असेल तर एफआरआर हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर लिनक्सवर चालतं, त्यात ओएसपीएफ आणि बीजीपी दोन्ही आहेत. तीसचे नको, तीनच राउटर घ्या. कमांड द्यायच्या आधी कागदावर चित्र काढा. या टोकाचं पाकीट त्या टोकाला कुठल्या वाटेनं जाईल आणि परत कुठल्या वाटेनं येईल, ते पेन्सिलीनं दाखवा. परतीची वाट सगळे विसरतात.

मग मैत्रिणीला बोलवा. तिनं तुमच्या पाठीमागे एक गोष्ट बिघडवायची, फक्त एक. तुम्ही ‘शो रन’ न करता ती शोधायची. ‘शो रन’ म्हणजे राउटरची अख्खी उत्तरपत्रिका, ती उघडली की खेळ संपला. राउटिंग टेबल बघा, शेजारी कोण दिसतोय बघा, पिंगचं पाकीट मोठं करून बघा. सापडलं की वहीत तीन ओळी लिहा. काय दिसलं, मला काय वाटलं, निघालं काय. ताईच्या अशा चार वह्या भरल्यात. मधल्या ओळीत तिनं स्वतःला घातलेल्या शिव्या इथे छापता येणार नाहीत.

आणि हो, हे सगळं स्वतःच्या लॅपटॉपवर करा. कॉलेजच्या लॅबमधल्या स्विचवर नको. त्याच वायरीवरून ऑफिसचा प्रिंटर चालतो आणि आपली हॉल तिकिटं तिथूनच निघतात.